परदेशीं बिऱ्हाड आणि मुलांची शाळा

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें सविस्तर पत्र आलें. त्यांच्या चिरंजिवांची नेमणूक जर्मनींत स्टुटगार्ट शहरीं झाली असून येत्या उन्हाळ्यांत तें कुटुंब तिकडे बिऱ्हाड करणार आहे. नातू सात वर्षांचा, नात तीन वर्षांची. तिकिटें, व्हिसा, थंडीचे कपडे या सर्वांची व्यवस्था लागली आहे. अडलें आहे तें एकाच गोष्टीपाशीं. चिरंजिवांचें म्हणणें, मुलाला तेथील इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेंत घालावें. सूनबाईंचें म्हणणें, शेजारच्या मुलांबरोबर त्याला गांवच्या सरकारी शाळेंत जाऊं द्यावें. आणि आजींचें म्हणणें असें, कीं दोनच वर्षांचा प्रश्न असेल तर नातवाला पुण्यासच ठेवावें. पत्रलेखक गृहस्थ शेवटीं लिहितात, "ज्याचें ज्या वेळीं ऐकावें त्याचें त्या वेळीं पटतें; तरी आपला अभिप्राय कळवावा."

असा पेंच पडलेलें हें एकच घर नव्हे, म्हणून खासगी उत्तर न धाडतां तें येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रत्येक देशाची शाळाव्यवस्था निराळी. लंडन, सिंगापूर आणि टोकियो यांना एकच न्याय लावण्यांत अर्थ नाहीं. पत्र जर्मनीविषयीं आहे, तेव्हां आम्ही जर्मनीपुरतेंच बोलूं.

आपल्या सुशिक्षित घरांचा त्या देशाशीं संबंध आजकालचा नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस ग्योटिंगेन विद्यापीठानें १८८५ सालीं डॉक्टरेट अर्पण केली. इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या आणि तेथील विद्यापीठाची पदवी घेऊन आल्या. त्या पिढ्यांचा व्यवहार विद्येचा होता. गेलेलें माणूस पदवी घेऊन परत येई, आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न उद्भवतच नसे. आज जाणारा मनुष्य कारखान्यांत किंवा संगणकाच्या कचेरींत कामाला जातो, आणि बायकामुलांसह जातो. मुंबई व स्टुटगार्ट हीं शहरें १९६८ पासून एकमेकांचीं भगिनीनगरें म्हणवितात. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहिल्यापासून पुण्याच्या मंडळींना तर ती वाट चांगलीच पायाखालची झाली आहे.

पत्रांतील सर्वांत वजनदार शब्द आमच्या मतें "दोन वर्षें" हे आहेत, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचें मूळहि तेथेंच असतें. आमच्या परिचयाचीं जीं कुटुंबें दोन वर्षांसाठीं म्हणून गेलीं, त्यांतील बहुतेक अद्याप तिकडेच आहेत. यांत कोणीं कोणास फसविलें असें नाहीं. पहिलें वर्ष घर लावण्यांत जातें, दुसऱ्या वर्षीं बढती मिळते, तिसऱ्या वर्षीं मोटार घेतली जाते. कायदाहि राहणाऱ्यालाच अनुकूल आहे. "ब्ल्यू कार्ड" नांवाच्या परवान्यावर गेलेल्या नोकरदारास जर्मन भाषा मध्यम प्रतीची येत असेल, तर २१ महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागतां येतो. आणि २०२४ सालच्या कायद्यानें नागरिकत्वासाठीं लागणारी वास्तव्याची मुदत आठ वर्षांवरून पांचावर आणली आहे. मग आजींना दर वर्षीं "पुढच्या वर्षीं नक्की" असें उत्तर मिळूं लागतें. म्हणून शाळांचीं माहितीपत्रकें चाळण्यापूर्वीं नवराबायकोनें एकदां दार लावून एकमेकांस विचारावें, कीं बढती मिळाली तर आपण परत येणार आहों का? ह्या प्रश्नाचें जें उत्तर चांचरत बाहेर पडेल तेंच खरें धरून चालावें. घरांतील वडील मंडळींना तें ताबडतोब सांगितलेंच पाहिजे असें नाहीं. पण स्वतःशीं तरी लपवूं नये.

जर्मनींत मुलाला शाळेंत पाठविणें न पाठविणें हें पालकांच्या मर्जीवर नाहीं. घरीं शिकवूं, किंवा इकडच्या मंडळाच्या परीक्षा घरबसल्या देववूं, अशा बेतांस तेथें वाव नाहीं. शाळेची सक्ती १९१९ च्या वायमार घटनेंत आली, आणि आज सोळाहि घटकराज्यांच्या कायद्यांत ती आहे. ती किती खरी, याची आपल्याकडे कल्पना येत नाहीं. २०१८ च्या मे महिन्यांत बव्हेरियांतील मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनीं, सुट्टी लागण्यापूर्वींच मुलांना घेऊन प्रवासास निघालेलीं कुटुंबें हुडकून काढलीं. दोन दिवस आधीं तिकीट स्वस्त मिळतें, एवढाच काय तो मोह! ज्या घरांतून लग्नें-मुंजी वैशाखांत निघतात त्यांनीं हें आजच ध्यानीं घ्यावें. स्टुटगार्टकडची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागून सप्टेंबरांत संपते. म्हणजे ती पडते चातुर्मासांत, आणि त्या दिवसांत आपल्याकडे मुहूर्त नसतात. एकाच घरांतील चुलत भावंडांची मुंज दोन वर्षें ह्या कारणास्तव लांबलेली आम्हांस ठाऊक आहे.

आतां गांवच्या शाळेविषयीं. सहाव्या वर्षाच्या सुमारास मूल "ग्रुंटशूले" म्हणजे प्राथमिक शाळेंत जातें. फी नाहीं. पहिल्या दिवशीं आईबापांनीं भरून दिलेला, मुलाच्या निम्म्या उंचीचा रंगीत कागदी शंकु हातांत घेऊन मूल शाळेंत येतें. त्यांत खाऊ, पेन्सिली, एखादें खेळणें असतें. आपल्या पाटीपूजनाचें तें भावंडच म्हणावयाचें. पुढें मुलानें आपल्या पायांनीं एकट्यानें शाळेंत यावें अशी अपेक्षा असते. दाराशीं मोटार आणून उभी करणाऱ्या पालकांकडे शिक्षक नापसंतीनें पाहतात. पोहणें शाळेंत शिकवितात. चौथींत पोलीस येऊन सायकलीची परीक्षा घेतात, आणि त्या परीक्षेचा मुलांना पुस्तकी परीक्षांहून अधिक धाक असतो. गुणांची रीत मात्र आपल्या उलट: १ हा उत्तम, ६ हा अगदीं वाईट. नातवाला गणितांत "१" मिळाला हें ऐकून एका आजींना दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं, असें त्यांच्या सुनेनेंच आम्हांस सांगितलें.

ह्या शाळेमागें एक इतिहास आहे. पूर्वीं जर्मनींत पैसेवाल्यांच्या मुलांसाठीं फी घेणारे निराळे प्राथमिक वर्ग असत. १९२० च्या कायद्यानें ते मोडीत काढून, निदान चार वर्षें सगळ्या मुलांनीं एकाच बांकावर बसावें असें ठरविलें. १९४९ च्या घटनेच्या सातव्या कलमांतहि, सरकारी शाळेची जागा घेणाऱ्या खासगी शाळांस परवानगी देतांना, आईबापांच्या मिळकतीवरून मुलांची विभागणी वाढतां कामा नये अशी अट आहे. परिणाम असा, कीं डॉक्टरचा मुलगा, तुर्की दुकानदाराची मुलगी आणि सीरियांतून आलेलें मूल एका वर्गांत भेटतें. आमच्या कांहीं मंडळींना येथेंच धास्ती वाटते. "वस्ती कशी आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वस्ती अवश्य पाहावी, कारण त्या भागांत प्राथमिक शाळा सामान्यतः राहत्या पत्त्यावरूनच ठरते. घराचा करार केला कीं शाळेचा करार झालाच. परंतु पाहावयाचें तें नवागत मुलांना भाषा शिकविण्याची सोय तेथें कशी आहे, हें. वर्गांतील मुलांच्या आडनांवांची यादी मागणें हें आम्हांस शोभत नाहीं.

ह्या शाळेची गोडी येथपर्यंत. कठीण भाग पुढें आहे, आणि पत्रांतील तिघांपैकीं एकाच्याहि बोलण्यांत तो आलेला नाहीं. चौथी संपतां संपतां, म्हणजे मूल दहा वर्षांचें असतांना, त्याची पुढची वाट ठरते. विद्यापीठाकडे नेणारी "गिम्नाझियम", मधली "रेआलशूले", आणि हातकामाच्या व धंदेशिक्षणाच्या दिशेनें जाणारी तिसरी. कोठें कोठें ह्या वाटा एकत्र ठेवणारी चौथीहि आहे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग ह्या दोन राज्यांत ही निवड सहावीनंतर होते, इतरत्र बहुतेक चौथीनंतर. बव्हेरियांत जर्मन, गणित आणि परिसर-विज्ञान ह्या तीन विषयांतील गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच मूल थेट गिम्नाझियमला पात्र ठरतें. स्टुटगार्ट ज्या राज्यांत आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गनें २०१२ सालीं शिक्षकांच्या शिफारशीचें बंधन काढून निवड पालकांवर सोंपविली होती. परंतु २०२५ च्या प्रवेशांपासून शिक्षकांचें मत, एक चांचणी आणि पालकांची इच्छा ह्या तिहींपैकीं दोन जुळलीं पाहिजेत असा नियम पुन्हां आला आहे.

दहा वर्षांच्या मुलाची अशी पारख करणें योग्य कीं अयोग्य, ह्यावर त्या देशांत शंभर वर्षें वाद चालू आहे. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय "पिसा" चांचणीचे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हां मुलाचें यश त्याच्या घरच्या परिस्थितीशीं जर्मनींत फारच घट्ट बांधलेलें आहे असें दिसून आलें, आणि देशभर खळबळ उडाली. वाटा बदलतां येतात, हें खरें. मधल्या शाळेंतून चांगल्या रीतीनें उतरलेलें मूल पुढें विद्यापीठास जाऊं शकतें. शिवाय धंदेशिक्षणाची वाटहि तेथें हलकी नाहीं. कसबी कारागिराची "माइस्टर" ही पदवी तेथील अधिकृत श्रेणींत पदवीधराच्या बरोबरीनें सहाव्या पायरीवर मांडलेली आहे. पण आपल्या घरांतून आजोबांना हें कोण सांगणार? तीन पिढ्या पदवीधर असलेल्या घरांत नातू यंत्रशाळेंत शिकाऊ झाला, ही बातमी आपण अजून कुजबुजतच सांगतों. हा दोष आपला आहे, पण तो आहे हें हिशेबांत धरलें पाहिजे.

तर मग मुलाच्या वयाचा हिशेब करूं. टोरोंटोचे भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनीं १९७९ सालीं एक भेद दाखवून दिला, तो आईबापांनीं पाठच करावा. परक्या भाषेंत खेळण्या-बोलण्यापुरतें मूल साधारण दोन वर्षांत तयार होतें. परंतु त्या भाषेंत शिकणें, धडा समजणें, निबंध लिहिणें, ह्यांत तेथील मुलांच्या बरोबरीस येण्यास त्याला पांच ते सात वर्षें लागतात. पाहुणे "काय फाडफाड बोलतो!" म्हणून कौतुक करतात ती पहिली भाषा, गुण मिळवून देते ती दुसरी. हें एकदां समजलें कीं बाकीचें बरेंचसें बोटांवर मोजतां येतें. चार-पांच वर्षांचें मूल बालवाडीपासून गेलें, तर निवडीपूर्वीं त्याला पांच-सहा वर्षें मिळतात. गांवच्या शाळेंत घालण्यास बिलकूल कचरूं नये. सहा-सातव्या वर्षीं गेलेल्यास तीन-चार. अवघड, पण होण्यासारखें, आणि वर्ष मागें बसविलें तर अधिकच सोपें. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची अडचण सर्वांत मोठी, कारण भाषा अर्धवट असतांनाच निवडीचा दिवस येतो. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला नवी भाषा शिकत शिकत शेवटच्या परीक्षांना बसवूं नये. तिच्याकरितां इंग्रजी शाळा, किंवा इकडेच दहावी पुरी करणें, हेंच बरें.

आंतरराष्ट्रीय शाळा मुळांत कोणासाठीं निघाल्या हें पाहिलें म्हणजे त्यांचा खरा उपयोग कळतो. त्यांतील सर्वांत जुन्यांपैकीं एक १९२४ सालीं जिनीव्हांत निघाली, ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर कचेरी यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीं. आज जिनीव्हा, उद्यां दुसरी राजधानी, अशी ज्यांच्या आईबापांची नोकरी, त्या मुलांना कोठेंहि चालेल असा एक अभ्यासक्रम पाहिजे होता. "इंटरनॅशनल बॅकलॉरिएट" ही संस्था १९६८ सालीं त्याच शहरीं स्थापन झाली ती ह्याच गरजेंतून. स्टुटगार्टची आंतरराष्ट्रीय शाळा १९८५ पासून आहे. ज्यांची दर तीन वर्षांनीं बदली होणार, त्यांना ह्या शाळांसारखें दुसरें साधन नाहीं. नव्या मुलाला तेथें परकें वाटत नाहीं, कारण निम्मे वर्गबंधू नवेच असतात. पुण्यांत इंग्रजी माध्यमांत शिकलेलें मूल दुसऱ्या दिवसापासून हात वर करूं लागतें. आईला शिक्षकांशीं बोलतां येतें. हें सुख लहान नाहीं. फी मात्र साधारणपणें वर्षास १५ ते २५ हजार युरो, आणि वरच्या वर्गांत ती वाढत जाते. मान्य परीक्षेकडे नेणाऱ्या शाळेच्या फीचे तीस टक्के, पण मुलामागें ५,००० युरोंच्या आंतच, प्राप्तिकराच्या हिशेबांत वजा मिळतात; तेवढ्यानें भार फारसा हलका होत नाहीं. कंपनी फी देत असेल तर किती वर्षें देणार, आणि करार बदलल्यास काय, हें लेखी घेतल्यावांचून एक पाऊलहि पुढें टाकूं नये.

हें आम्ही इतक्या जोरानें कां सांगतों, त्याला कारण आहे. आमच्या निकट परिचयाचें एक जोडपें आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन दोन वर्षांच्या करारावर तिकडे गेलें. फी कंपनी देणार होती. मुलांना आंतरराष्ट्रीय शाळेंत घालण्यांत कोणींच दोष काढला नाहीं. आम्हींहि नाहीं, किंबहुना तसा सल्ला देणाऱ्यांत आम्हीच पुढें होतों. मुलगी पहिल्या दिवसापासून आनंदांत होती. तीन वर्षांनीं कंपनीनें करार पालटून स्थानिक नोकरांच्या अटी लागू केल्या, आणि फी बंद झाली. तोंवर परत येण्याची भाषा घरांत कोणी करीनासें झालें होतें. मुलगी अकरा वर्षांची. त्या गांवांत तीन वर्षें राहून तिला बेकरींत पाव मागण्यापलीकडे जर्मन येत नव्हती. शाळेची बस दारीं येई, मैत्रिणी वीस-वीस मैलांवर राहत, आणि शेजारच्या मुलींचीं नांवेंसुद्धां तिला ठाऊक नव्हतीं. गांवच्या शाळेंत ती नवागतांच्या तयारीवर्गांत बसली, व वर्षभरानें तिची रवानगी मधल्या वाटेच्या शाळेंत झाली. पूर्वीं वर्गांत पहिली-दुसरी असणारी ती मुलगी तोंड उघडीनाशी झाली. एके दिवशीं आईला म्हणाली, "आई, उत्तर डोक्यांत असतं ग, पण ते इंग्रजींत असतं." धाकटा त्याच सुमारास दुसरींत जाऊन बसला, तो नाताळपर्यंत मुका होता, आणि पुढच्या उन्हाळ्यांत अंगणांत उभा राहून जर्मनींत भांडूं लागला. आज मुलगी सोळा वर्षांची आहे. मधल्या शाळेची परीक्षा चांगली उतरून ती पुढच्या वाटेस लागली आहे. मधलीं दोन वर्षें मात्र तिनें कशीं काढलीं हें ती अजून कोणाला सांगत नाहीं. त्या आमच्या सल्ल्याची आठवण झाली कीं आम्हांस ओशाळें वाटतें. तिच्या वयाचें गणित आम्हीं केलें नव्हतें. फी कोण देणार एवढेंच विचारलें होतें.

ह्याच घरांत आणखी एक गोष्ट आमच्या नजरेस आली, आणि ती आम्हांस पूर्वीं कोणीं सांगितली असती तर आम्हीं मानलीहि नसती. मराठीची भीति सर्वांना गांवच्या शाळेची वाटते. वास्तविक आंतरराष्ट्रीय शाळेची वाटावयास हवी. इंग्रजी आईबापांनाहि येते. म्हणून शाळेंतली इंग्रजी मुलाबरोबर घरांत शिरते, जेवणाच्या टेबलाशीं बसते, आणि वर्ष-दीड वर्षांत आई मराठींत विचारते व मूल इंग्रजींत उत्तर देतें अशी रीत पडते. जर्मन आईबापांना नीट येत नाहीं, म्हणून ती उंबरठ्याबाहेर जोड्यांजवळ राहते. धाकट्याला घरांत मराठीवांचून दुसरी सोयीची भाषाच उरली नाहीं, आणि आज त्याची मराठी बहिणीपेक्षां चांगली आहे. हें सर्वत्र असेंच घडतें असें आम्ही म्हणत नाहीं. दोन भावंडें गांवच्या शाळेंत असलीं कीं आपसांत जर्मन बोलूं लागतात, आणि मग आईला दटावावें लागतें. तरी प्रत्येक भाषेचें घर निराळें असलें म्हणजे ती अधिक टिकते, असें आमचें मत झालें आहे.

शिवाय मराठी मुलाला जर्मन शिकतांना मराठीच उपयोगी पडते, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. इंग्रजीला तीन लिंगें समजावून सांगावीं लागतात. आपलें मूल तो-ती-तें घेऊनच जन्माला येतें. जर्मनींत चंद्र पुल्लिंगी आणि सूर्य स्त्रीलिंगी, हें पाहून तें हंसेल, पण गोंधळणार नाहीं. तूं आणि तुम्ही यांतील अंतर त्याला शिकवावें लागत नाहीं. "मी आलों नाहीं कारण" असें म्हणून पुढें क्रियापद अगदीं शेवटीं टाकण्याची जर्मन तऱ्हाहि आपल्या कानाला ओळखीची. आणि अंक! जर्मन मनुष्य एकविसाला "एक आणि वीस" म्हणतो. इंग्रजी मुलें तेथें हटकून अडखळतात, आणि आपलें एकवीस-बावीस म्हणणारें मूल सरळ चालत जातें. आमच्या बालभारतीनें २०१९ सालीं दुसरीच्या पुस्तकांत "वीस एक" म्हणण्याचा पर्याय आणला तेव्हां इकडे केवढा गदारोळ झाला होता, तें वाचकांस आठवत असेल. जुनी रीत निदान स्टुटगार्टला जाणाऱ्यांच्या तरी कामाची आहे.

आजींच्या सूचनेचाहि विचार केला पाहिजे. तिला हंसून सोडणें बरें नव्हे. पूर्वीं आपल्याकडे मुलें शिक्षणासाठीं मामाकडे, आत्याकडे राहत, आणि शहाणीं होत. पण तीं सुट्टींत बैलगाडीनें किंवा आगगाडीनें घरीं येत. सात वर्षांच्या मुलाला आई पडद्यावर दिसावी आणि तिनें डोक्यावरून हात फिरवूं नये, ही दोन वर्षें त्याच्या मनांत कोणत्या रूपानें राहतील हें सांगवत नाहीं. परत आल्यावर तो मराठींत मागें पडेल ही त्यांची काळजी रास्त आहे. महाराष्ट्रांत २०२० च्या कायद्यानें सर्व मंडळांच्या शाळांतून दहावीपर्यंत मराठी विषय सक्तीचा केला आहे, आणि घरची बोलण्याची मराठी परीक्षेस पुरत नाहीं. तेव्हां बालभारतीचीं मराठीचीं पुस्तकें सामानांत न्यावीं आणि रोज अर्धा तास तीं उघडावीं. मोठ्या शहरांतून महाराष्ट्र मंडळें आहेत. तेथें गणपतीला मुलें जमतात, पण गणपतीपुरत्या मराठीनें शुद्धलेखन येत नाहीं.

आतां आमच्या पत्रलेखकांस सरळ उत्तर. नातू सात वर्षांचा आहे. त्याला गांवच्या शाळेंत घालावें, आणि मुख्याध्यापकांनीं पहिलींत बसविण्याचें सुचविलें तर मान खालीं घालूं नये. तें एक वर्ष निवडीच्या वेळीं सोन्याचें ठरेल. सूनबाईंचें मत आम्हीं उचलून धरलें ह्याबद्दल चिरंजीव आम्हांवर रागावणार नाहींत अशी आशा आहे. मात्र चार वर्षांच्या आंत दुसऱ्या देशीं बदली होणार हें त्यांना आजच ठाऊक असेल, तर त्यांचेंच खरें, आणि आमचें हें सारें लिहिणें फुकट. नातीचें नांव बालवाडींत घर मिळण्यापूर्वींच नोंदवावें. जागेचा हक्क कायद्यानें आहे, पण जागा सहज मिळत नाहीं. दोघांनींहि निघेपर्यंतचे महिने पुण्याच्या माक्स म्युलर भवनांत जर्मन शिकण्यांत घालवावे. शाळेंतून येणाऱ्या चिठ्ठ्या आईला वाचतां आल्या नाहींत, तर मूल स्वतःच तिचा दुभाषी होतें, आणि मग कोणती चिठ्ठी वाचावयाची तें तेंच ठरवितें.

राहिल्या आजी. पाहुण्यांच्या व्हिसावर त्यांना १८० दिवसांत ९० दिवसच तिकडे राहतां येतें. बहुतेक घरांतून हे दिवस वसंतांत, हवा चांगली म्हणून खर्च होतात. आमची विनंती अशी, कीं आजींनीं ते सप्टेंबरांत, शाळा उघडते त्या आठवड्यापासून खर्च करावे. पहिले तीन महिने नातू शाळेंत मुका असेल. दुपारीं घरीं आल्यावर दिवसभरांत सांठलेलें सगळें मराठींत ओतावयास त्याला कोणी तरी रिकामें माणूस लागेल, आणि त्याची आई त्या वेळीं नात सांभाळीत स्वतःच भाषेशीं झगडत असेल. दिवाळीहि त्याच मुदतींत येते. स्वेटर मात्र तेथेंच घ्यावा. इकडचा पुरत नाहीं.